समेट आणि सुनावणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देणे हा काही माझा प्रांत नव्हे. परंतु चिटणीसबाईंनी आग्रहच धरला, म्हणून जे पाहिले तेवढे सांगते.

माझ्या ओळखीची एक बाई शिलाईच्या लहानशा कारखान्यात कामाला आहे. तिचे नाव, गाव सांगणार नाही. कायद्यानेच ते उघड करण्यास मनाई आहे. तेथला मुकादम तिच्याशी अचकट-विचकट बोले. तिने दटावले, तेव्हापासून तिच्या वाट्याचे कापड कमी झाले. मजुरी नगावर, त्यामुळे आठवड्याचे पैसे निम्म्यावर आले. ती माझ्यापाशी येऊन रडली. मी काय म्हणाले असेन? "जाऊ दे गं, बाईच्या जातीने तोंड मिटून राहावे." आज ते आठवले की माझी मलाच लाज वाटते.

ती माझ्याहून शहाणी निघाली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात सांगितले की, कामाच्या जागी बाईचा असा छळ म्हणजे तिच्या समानतेच्या हक्काचाच भंग होय. पुढे २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे मालकाने समिती नेमायची. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. घरकाम करणाऱ्या बायांसाठीही हीच समिती आहे. आपल्याकडे भांडी घासायला येतात त्या बाईंना हे जरूर सांगा, बरे का! आपल्या घरची भीती वाटली तरी सांगा. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. योग्य कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची असते.

तिने चौकशीआधी समेट मागितला. हा समेट बाईने मागितला तरच होतो, कोणी तिच्यावर लादायचा नसतो. मी सोबत गेले होते, पण बाहेर बाकावरच बसले. आतले तिने मागून सांगितले. मालक पाच हजार रुपये देऊन मिटवायला निघाले होते. समितीच्या बाईंनी तेथेच थांबविले. पैशावर समेट करायचा नाही, असे कायद्यातच आहे. मग मुकादमाने लेखी माफी मागावी, तिचे काम दुसऱ्याच्या हाताखाली द्यावे आणि नगांची नोंद तिच्यासमोर वहीत करावी, असे ठरले. कागदाची प्रत दोघांनाही मिळाली. अटी मोडल्या तर चौकशी पुढे चालू होते.

१९९३ साली स्थापन झालेला आपला राज्य महिला आयोग जिल्ह्याच्या ठिकाणी जनसुनावणी घेतो. तेथेही मी एकदा जाऊन आले. पोलीस, वकील, अधिकारी एकाच जागी बसलेले, त्यामुळे महिनोन् महिने पडून राहिलेल्या कागदाला पाय फुटतात. परंतु एक म्हातारी एवढ्या लोकांपुढे बोलताना मध्येच थांबली, ती पुन्हा बोललीच नाही. मला वाटते, कचेरीने अडविलेले काम चारचौघांत मांडावे. मनाला लागलेले दुःख बंद दाराआडच सांगावे.

ती बाई अजून तेथेच शिवते. तिच्या तक्रारीचा मसुदा, नावे गाळून, तिला विचारून मी वहीत उतरवून घेतला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी दुपारी चारनंतर घरी यावे. चहा ठेवीनच.