कॅमेऱ्याची निवड : पल्ला आणि प्रकाश

मद्रासचे निसर्गलेखक आणि छायाचित्रकार एम. कृष्णन (१९१२–१९९६) यांनी भारतातील वन्य हत्तींची व इतर प्राण्यांची कृष्णधवल छायाचित्रे अनेक वर्षे घेतली. निरनिराळ्या भागांची जुळवाजुळव करून त्यांनी आपल्या कामापुरता एक कॅमेरा सिद्ध केला होता आणि त्याला ‘सुपर पाँडेरोसा’ असे भारदस्त नाव दिले होते. १९७० साली पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या या गृहस्थांच्या उदाहरणात एक साधा क्रम दडलेला आहे. काय टिपावयाचे हे त्यांना आधी ठाऊक होते आणि साधन त्यानंतर आले. आज दुकानात उभा असलेला ग्राहक बहुधा उलट क्रमाने चालतो. तो आधी कॅमेरा घेतो आणि मग त्याने काय टिपता येईल याचा शोध घेतो. हा क्रम पुन्हा सुलटा कसा करावा, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

साध्या दृश्यांचे आणि घरगुती प्रसंगांचे काम आता भ्रमणध्वनीतील कॅमेरा समाधानकारकपणे करतो. त्यापलीकडे जाऊ इच्छिणाऱ्या हौशी माणसापुढे मुख्यतः दोन मार्ग असतात. पहिला आरसाविरहित अर्थात मिररलेस कॅमेऱ्याचा. जुन्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश एका तिरक्या आरशावरून वर वळवून डोळ्यापर्यंत नेला जात असे आणि चित्र घेतेवेळी तो आरसा वर उचलला जाई. २००८ साली पॅनासॉनिकचा जी१ हा कॅमेरा आला. त्यात आरसा नव्हता. संवेदकावर पडलेली प्रतिमा एका लहान विद्युत् पडद्यावर दिसे आणि भिंगे मात्र पूर्वीप्रमाणेच बदलता येत. २०१८ साली कॅनन आणि निकॉन या दोन्ही जुन्या कंपन्यांनी मोठ्या संवेदकाचे असे कॅमेरे काढले, तेव्हा या पद्धतीचा जम बसला हे स्पष्ट झाले. दुसरा मार्ग सुपरझूमचा. त्याचे भिंग कायमचे जोडलेले असते. ते विस्तृत दृश्यापासून अतिदूरच्या वस्तूपर्यंत सर्व काही एकट्याने सांभाळते आणि संवेदक बहुधा नखाएवढा असतो.

सुपरझूमच्या वेष्टनावर ‘३० पट’, ‘६५ पट’, ‘१२५ पट’ असे आकडे ठळकपणे छापलेले असतात. या आकड्यांनी पुष्कळांची दिशाभूल होते. हा आकडा वस्तू किती जवळ दिसेल हे सांगत नाही. भिंगाचे सर्वांत मोठे नाभीय अंतर सर्वांत लहान अंतराच्या किती पट आहे, एवढेच तो सांगतो. २४ ते २४० मिलिमीटरचे भिंग दहा पटीचे आणि १०० ते ४०० मिलिमीटरचे भिंग चारच पटीचे. तथापि दूरचा पक्षी दुसऱ्यातच मोठा दिसतो. म्हणून पटीचा आकडा बाजूस ठेवून शेवटचे नाभीय अंतर पाहावे. निरनिराळ्या आकारांच्या संवेदकांची तुलना व्हावी म्हणून हे अंतर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात सांगण्याची प्रथा आहे. येथेही तीच पाळली आहे.

पल्ला कळला, तरी प्रकाशाचा प्रश्न उरतोच. पावसात अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवली, तर दोहोंवर पाऊस सारखाच पडतो. पाणी मात्र परातीत अधिक साठते. भिंगाचे तसेच आहे. दृश्य तेच, चौकट तीच आणि वेळ तोच असेल, तर चित्राला लाभणारा एकूण प्रकाश भिंगाच्या छिद्राच्या रुंदीवर अवलंबून असतो. रुंदी दुप्पट झाली की प्रकाश चौपट होतो. प्रकाश कमी पडला की चित्रात रवाळपणा येतो, कारण प्रकाशकण पावसाच्या थेंबांसारखे अनियमितपणे येतात. शंभर कण मोजले तर त्यांत सुमारे दहा टक्के चढउतार होतो आणि दहा हजार मोजले तर केवळ एक टक्का.

ही रुंदी काढणे सोपे आहे. भिंगाच्या प्रत्यक्ष नाभीय अंतराला छिद्रांकाने, म्हणजे ‘एफ’ या अक्षरापुढील अंकाने, भागावे. हे प्रत्यक्ष अंतर बहुधा भिंगाच्या कड्यावरच कोरलेले असते. कॅमेरा निवडताना एवढा एक भागाकार केला, तरी जाहिरातीतील निम्मे धुके विरते.

आता हा भागाकार प्रत्यक्ष स्थळी नेऊन पाहता येईल. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान १९८५ साली जागतिक वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. हिवाळ्यात तेथे निरीक्षक सायकलीवरून किंवा सायकलरिक्षातून बांधांवर फिरतात. बदके आणि करकोचे पाण्यापलीकडे असतात आणि चिखलात उतरून जवळ जाणे शक्यही नसते, इष्टही नसते. येथे पल्ला हवा. खिशात मावणाऱ्या एखाद्या सुपरझूमचा पल्ला ७२० मिलिमीटर असतो. पण त्याचे प्रत्यक्ष नाभीय अंतर सुमारे १२३ मिलिमीटर आणि छिद्रांक ६.४, म्हणजे छिद्र १९ मिलिमीटर रुंद. २०१८ च्या निकॉन पी१००० चे शेवटचे प्रत्यक्ष अंतर ५३९ मिलिमीटर आणि छिद्रांक ८, म्हणजे छिद्र सुमारे ६७ मिलिमीटर. त्याचा पल्ला ३००० मिलिमीटरचा आहे. पण वजनही सुमारे १,४०० ग्रॅम आहे. त्याला खिशातला कॅमेरा कोणी म्हणणार नाही.

या दोहोंच्या मध्ये एक उद्बोधक जोडी आहे. २०१७ च्या सोनी आरएक्स१० च्या चौथ्या आवृत्तीत एक-इंची म्हणून ओळखला जाणारा मध्यम संवेदक आहे. त्याचे भिंग ६०० मिलिमीटरच्या पल्ल्यावर प्रत्यक्षात २२० मिलिमीटरचे असून छिद्रांक ४ आहे, म्हणजे छिद्र ५५ मिलिमीटर. लहान संवेदकाच्या आरसाविरहित कॅमेऱ्यावर, म्हणजे मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीत, हाच पल्ला ३०० मिलिमीटरचे भिंग देते. त्याचा छिद्रांक ५.६ असेल, तर छिद्र ५४ मिलिमीटरच्या आतच येते. एक सुपरझूम आहे, दुसरा आरसाविरहित. तरीही त्या करकोच्याकडून दोघांना मिळणारा प्रकाश जवळजवळ सारखा. यावरून असे दिसते की दूरच्या वस्तूच्या बाबतीत कॅमेऱ्याची जात निर्णायक नसते, काचेची रुंदी निर्णायक असते. रुंद काच जड आणि महाग असते, आणि हा नियम कोणत्याही कंपनीला चुकविता आलेला नाही. दुपारच्या उन्हात तापलेल्या हवेची थरथर तर कितीही मोठ्या काचेने नाहीशी होत नाही. तिच्यावर लवकर उठणे हाच उपाय.

याच्या अगदी उलट स्थिती केरळातील कथकलीच्या रात्री असते. परंपरेने रंगमंचापुढे तेलाची मोठी समई तेवत असते आणि अभिनयाचा पुष्कळसा भार नटाच्या डोळ्यांवर व मुद्रांवर असतो. प्रेक्षक जवळ बसलेला असल्यामुळे पल्ल्याचे येथे काही काम नाही. एपीएस-सी आकाराच्या आरसाविरहित कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचे, छिद्रांक १.८ चे साधे भिंग लावले, तर छिद्र सुमारे २८ मिलिमीटर रुंद मिळते. नखाएवढ्या संवेदकाच्या सुपरझूमला तीच चौकट साधण्यासाठी भिंग अवघ्या १३ मिलिमीटरवर आणावे लागते आणि छिद्रांक ४ धरला तर छिद्र जेमतेम ३.३ मिलिमीटर उरते. दोहोंच्या प्रकाशात सुमारे सत्तर पटींचा फरक पडतो. पहिल्याने जे चित्र सेकंदाच्या साठाव्या भागात घेतले, तेवढाच प्रकाश जमविण्यास दुसऱ्याला सेकंदाहून अधिक वेळ लागेल. आणि तेवढ्या वेळात नटाच्या डोळ्यांतला राग येऊन निघूनही जातो. सुपरझूमच्या त्या लहान भिंगाला २८ मिलिमीटरचे छिद्र द्यावे म्हटले, तर छिद्रांक अर्ध्याहूनही खाली आणावा लागेल, आणि ते प्रकाशशास्त्राच्या मर्यादेपलीकडचे आहे. मोठ्या संवेदकाचा खरा लाभ येथे प्रत्ययास येतो. अर्थात एवढ्या रुंद छिद्राने स्पष्टतेची खोली कमी होते. डोळे रेखीव आले तर मुकुटाची कड धूसर होऊ शकते.

आरसाविरहित कॅमेऱ्याचा निर्णय घेणाऱ्याने आणखी एक हिशेब मांडावयास हवा. त्याचे अंग हलके असते, पण नुसत्या अंगाने चित्र निघत नाही. सोबत मिळणारे १६ ते ५० मिलिमीटरचे भिंग भरतपूरच्या बांधावर निरुपयोगी ठरते. त्यासाठी २०० ते ६०० मिलिमीटरचे भिंग घेतल्यास ते एकटेच दोन किलोग्रॅमच्या वर भरते आणि किमतीत पुष्कळदा अंगालाही मागे टाकते. उलट हे अंग जुने झाले तर बदलता येते आणि भिंगे तशीच वापरात राहतात. सुपरझूममध्ये एक भाग जुना झाला की सगळेच जुने होते. उडत्या पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर स्पष्टता स्थिर ठेवण्यात अलीकडचे आरसाविरहित कॅमेरे फार पुढे गेले आहेत, हेही नमूद केले पाहिजे.

तथापि कुशल चित्र हेच छायाचित्राचे एकमेव प्रयोजन नव्हे. २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी जो अहवाल प्रसिद्ध झाला, तो सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटी नोंदींवर आधारलेला होता. यांतील बहुसंख्य माणसे हौशी होत. एखाद्याला अनपेक्षित पक्षी दिसला, तर त्याची नोंद इतरांनी मान्य करावी यासाठी छायाचित्र मोलाचे ठरते. ते रवाळ असले तरी चालते. चोचीचा आकार, पंखावरचा पट्टा, पायांचा रंग एवढे ओळखू आले म्हणजे पुरे. अशा वेळी घरी कपाटात ठेवलेल्या उत्तम भिंगापेक्षा पिशवीत असलेला पाव किलोचा सुपरझूम अधिक प्रामाणिक साक्षीदार असतो. न घेतलेल्या चित्रात रवाळपणा नसतो, पण त्यात पक्षीही नसतो.

म्हणून निवडीचा प्रश्न ‘दोहोंत श्रेष्ठ कोणता’ असा मांडणे व्यर्थ आहे. पुढील दोन-तीन वर्षांत कोणती दहा चित्रे मिळाली नाहीत तर मनाला रुखरुख लागेल, त्यांची यादी प्रथम कागदावर लिहावी. त्या यादीत भर उन्हातले दूरचे पक्षी, प्राणी आणि शिखरे अधिक असतील आणि सोबत ओझे नको असेल, तर सुपरझूम घेण्यात कमीपणा मानू नये. यादीत दिव्याच्या उजेडातले चेहरे, मैफली, घरातली मुले आणि संध्याकाळ अधिक असेल, तर आरसाविरहित कॅमेरा आणि एक रुंद छिद्राचे भिंग एवढ्यावर थांबावे. दोन्ही हवे असेल, तर एक-इंची संवेदकाचा मध्यम मार्ग उपलब्ध आहे. त्यात दोन्ही बाजूंना थोडे सोडावे लागते, हे जाणून तो पत्करावा.

कृष्णन यांचा जुळविलेला कॅमेरा दुसऱ्या कोणाच्या फारसा कामी आला नसता. तो एका माणसाच्या नजरेच्या मापाने बनलेला होता. दुकानातील तयार कॅमेरा तसा बनवून घेता येत नाही हे खरे. परंतु आपल्या नजरेचे माप घेऊन दुकानात जाणे मात्र प्रत्येकाला शक्य आहे.