एका तालुक्यातील दोन नद्या

(पलूस येथे कार्यकर्त्यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या तालुक्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेकडून सह्याद्रीचे पाणी घेऊन कृष्णा येते. उत्तरेकडून, खटावच्या कोरड्या माळावर उगम पावलेली येरळा येते. या दोघींचा संगम आपल्या ब्रह्मनाळला होतो. एक नदी पुराची, दुसरी दुष्काळाची. महाराष्ट्राच्या पाण्याचा सगळा प्रश्न एका गावाच्या शिवारात पाहावयाचा असेल तर ब्रह्मनाळला जावे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी त्याच ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडू पाहणाऱ्या गावकऱ्यांची नाव उलटली. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. ती माणसे पुढे पाठ्यपुस्तकातील आकडा होऊन राहू नयेत, एवढ्याचसाठी आज मी बोलायला उभा आहे.

त्या वर्षाचे वैशिष्ट्य ध्यानात घ्या. २०१८ च्या ऑक्टोबरात शासनाने राज्यातील १५१ तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले होते. २०१९ च्या उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्याच्या पूर्व भागात जनावरे छावणीला होती. आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ च्या महापुरातही पाणी इतके चढले नव्हते. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आपण पुन्हा पाण्यात गेलो. म्हणजे जी आपत्ती पिढीतून एकदा यावयाची, ती आता मुलाच्या शाळेच्या वयात दोन-तीनदा येऊ लागली आहे.

यामागे निसर्गाचा लहरीपणा आहे असे म्हणून आता चालणार नाही. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस फारसा वाढला नाही. तो थोड्या दिवसांत पडू लागला. त्यामुळे पूर मोठा होतो आणि दोन पावसांमधली उघडीपही लांबते. पूर आणि दुष्काळ हे दोन प्रश्न नसून एकाच प्रश्नाची दोन तोंडे आहेत.

आता आपल्याकडे या प्रश्नाची कोणती उत्तरे दिली जातात ते पाहू.

पहिले उत्तर अलमट्टीचे. कर्नाटकाने धरण बांधले म्हणून सांगली बुडाली, असे आपण म्हणतो. २०१९ च्या पुरानंतर शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीच्या फुगवट्याकडे या पुराचे कारण म्हणून बोट दाखवले नाही. तो निष्कर्ष येथील अनेक कार्यकर्त्यांना मान्य नाही, आणि त्यांच्या आक्षेपांची तपासणी खुल्या कागदपत्रांनिशी झाली पाहिजे असे माझेही मत आहे. धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा आग्रह आहे; तोही डोळे मिटून मान्य करण्याजोगा नाही. परंतु सर्व दोष सीमेपलीकडे टाकला की सीमेअलीकडे कोणाला काहीच विचारावे लागत नाही, ही त्यातील सोय आपण ओळखली पाहिजे. ओढ्यांवर उभ्या राहिलेल्या वसाहती, निळ्या पूररेषेच्या आत टाकलेले भराव, नदीपात्राला आडवे घातलेले उंच रस्ते, येरळेच्या पात्रातून उपसलेली वाळू, यांपैकी एकही गोष्ट कर्नाटकाने केलेली नाही.

दुसरे उत्तर अधिक आकर्षक आहे. पुराचे पाणी उचलून दुष्काळी भागात न्यावे, म्हणजे दोन्ही प्रश्न सुटतील. जागतिक बँकेच्या साहाय्याने अशी योजना करण्याचा मनोदय शासनाने जाहीर केला आहे. कल्पना ऐकायला गोड आहे. पण मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना हिशेब मांडायला शिकवले, तेव्हा येथेही हिशेब मांडू. नदीतून एक लाख क्युसेक पाणी चोवीस तास वाहिले म्हणजे सुमारे साडेआठ अब्ज घनफूट पाणी गेले. टेंभू योजनेसाठी मूळ मंजूर झालेले वर्षभराचे पाणी २२ अब्ज घनफूट. म्हणजे ज्या योजनेला उभी राहायला दशके लागली, तिचे वर्षाचे पाणी महापुरात अडीच दिवसांत डोळ्यांदेखत निघून जाते. पुराच्या त्या आठ-दहा दिवसांत पातळी फूटभर खाली आणायची, तर किती प्रचंड पंप बसवावे लागतील आणि उरलेले साडेअकरा महिने ते काय करतील? दुष्काळी भागाला पाणी मिळालेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण ते पूरनियंत्रणाच्या नावाने मागू नये. तो त्यांचा हक्क आहे, कृष्णेच्या उतू जाण्यावर अवलंबून असलेली मेहेरबानी नव्हे.

मग उरते ते धरणांचे व्यवस्थापन. आणि येथे आपल्याला थोडे अवघड बोलावे लागेल.

कोयनेची साठवण सुमारे १०५ अब्ज घनफूट आहे. धरण मुख्यतः विजेसाठी बांधले. पूर अडवणे हा त्याचा हेतू नव्हता. पूर अडवायचा असेल तर ऑगस्टच्या प्रारंभी धरणात जागा रिकामी असली पाहिजे. पाणी साठवायचे असेल तर ते लवकर भरले पाहिजे. दोन्ही एकाच वेळी होत नाही. अधिकारी लवकर भरतात, कारण पुढे पाऊस आला नाही तर त्यांना जाब विचारला जातो. ही भीती खोटी नाही. २०२३ साली पाऊस कमी पडला, आणि कोयनेतून आपल्याकडे पाणी सोडण्यावरून सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत केवढा वाद झाला, हे आपण पाहिले.

पण प्रश्न असा की, ही जोखीम कोण कोणासाठी उचलतो? धरण काठोकाठ भरण्याचा आग्रह कोणाचा? ज्याला बारमाही पाणी लागते त्याचा. आणि धरण भरलेले असताना ढग फुटला तर बुडते कोण? नदीकाठच्या सखल वस्तीतला शेतमजूर, वाट्याने शेती करणारा कुळवाडी, भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार. उसाच्या नुकसानीचा पंचनामा होतो. बुडालेल्या मजुरीच्या दिवसांचा पंचनामा कधी झालेला नाही. लाभ एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, अशी ही व्यवस्था आहे. बाजारभाव हे कधीच दाखवीत नाही, कारण पाण्याच्या किमतीत पुराची किंमत धरलेली नसते.

मित्रहो, हे मी उपऱ्याच्या भूमिकेतून बोलत नाही. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो आणि माझी आई खडी फोडायला जात होती. पुढे काठाला इंजिन बसले. पाणी उचलण्याची यंत्रे करणारी किर्लोस्करवाडी १९१० पासून आपल्या उशाशी आहे. यंत्राने या मातीचे भाग्य पालटले यात शंका नाही. आमच्या चार एकरांत ऊस आला, त्या उसावर माझे शिक्षण झाले. आज त्यांतील दीड एकर क्षारपड आहे. पांढरा थर आलेल्या त्या जमिनीत गवतही धड उगवत नाही. वीस वर्षे आम्ही पाटाला बारे धरत राहिलो आणि निचऱ्याचा विचार केला नाही. तेव्हा दोषाचा वाटा माझ्याही पदरात आहे. राज्यातील पिकाखालच्या जमिनीपैकी सुमारे ४ टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक हिस्सा पितो, असे तज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले. आपण ते ऐकून घेतले आणि पुढची लागण केली.

म्हणून माझे म्हणणे असे: पाण्याचे समन्यायी वाटप ही केवळ दुष्काळी भागाची मागणी नाही, पूर आटोक्यात ठेवण्याचाही तोच मार्ग आहे. बारमाही पाण्याची मागणी कमी झाली, तरच धरणात जागा रिकामी ठेवण्याचे धाडस कोणालाही करता येईल. ठिबक, पाळी पद्धतीचे पाणी, मोजून पाणीपट्टी, उसाच्या क्षेत्राला मर्यादा आणि त्याऐवजी कडधान्य व तेलबियांना खात्रीचा भाव, या सर्व गोष्टी पूरनियंत्रणाच्याच आहेत. ऊस सोडा असे नुसते सांगून भागणार नाही. ज्या पिकाला हमखास गिऱ्हाईक आणि हमखास दर आहे, ते पीक शेतकरी उपदेशाने सोडणार नाही. दुसऱ्या पिकाला तशीच हमी द्यावी लागेल.

समन्यायी वाटप हे स्वप्न आहे असे कोणी म्हणेल. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने १९७० च्या दशकात दाखवून दिले की पाणी जमिनीच्या एकरांवर न देता माणशी देता येते, भूमिहीनालाही देता येते, आणि उसाला नकार देता येतो. त्याहून जवळचे उदाहरण आपल्याच येरळेवरचे. १९८० च्या दशकात खानापूर तालुक्यातील शेतकऱ्यांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून बळीराजा धरण उभे केले. ठेकेदार ज्या वाळूची लूट करीत होते त्याच वाळूचा थोडा भाग विकून पैसा उभारला आणि धरणाच्या पाण्यात भूमिहीनांचाही वाटा धरला. पुढे नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासारख्यांनी आटपाडी भागातील दुष्काळग्रस्तांना संघटित करून हाच विचार तालुक्या-तालुक्यांत नेला. हे सर्व येथून काही मैलांवर घडले. अभ्यासदौऱ्याला परदेशी जाण्याची गरज नाही.

शेवटी चार मागण्या मांडतो. एक, कोयना, वारणा, धोम, कण्हेर या धरणांत कोणत्या तारखेला किती पाणी असावे याचे वेळापत्रक हवामानाच्या नव्या अंदाजानुसार दरवर्षी ठरवावे, आणि ते मे महिन्यात गावच्या चावडीवर मराठीत लावावे. दोन, पूररेषेच्या आतले एकही नवे बांधकाम नियमित करू नये, आणि तेथून उठवाव्या लागणाऱ्या गरिबांना आधी घर मिळावे. तीन, पुराच्या भरपाईत शेतमजुराची बुडालेली मजुरी धरावी. चार, काठावरच्या प्रत्येक गावाकडे तपासलेली, पुरेशी नाव असावी आणि ती चालवणारे प्रशिक्षित तरुण असावेत. ही चौथी मागणी अर्थशास्त्राची नाही, ब्रह्मनाळची आहे.

आपल्या कुंडलने १९४२ च्या लढ्यात परक्या सत्तेला बाजूला सारून गावचा न्याय गावात करून दाखवला होता. धरणाचा दरवाजा कधी उघडावा, पाण्याची पाळी कोणाची, हा आजचा न्यायाचा प्रश्न आहे. तो बंद खोलीत ठरू द्यायचा की चावडीवर मांडायचा, हे ठरवण्यासाठी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.