डॉक्सिसायक्लिन घेताना

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर किंवा चिखलात भातलावणी केल्यावर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. त्यासाठी डॉक्टर बरेचदा डॉक्सिसायक्लिन देतात. औषध गुणकारी आहे, पण ते गिळण्याची रीत फार महत्त्वाची. घोटभर पाण्यासोबत गोळी घेऊन लगेच आडवं झालं, तर ती अन्ननलिकेत अडकू शकते. तिथे जखम होते आणि मग साधं पाणी गिळतानाही छातीत आग होते. म्हणून पेलाभर पाणी प्या, निदान अर्धा तास आडवे होऊ नका. अगदी झोपायच्या वेळी ही गोळी नकोच. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या किंवा अँटासिड त्याच वेळी घेतलं, तर औषध नीट शोषलं जात नाही. या औषधामुळे उन्हात त्वचा लवकर भाजते, तेव्हा शेतावर जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. गरोदर असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि घरात उरलेली गोळी लहान मुलांना मनाने मुळीच देऊ नका. वाढत्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. अंगावर गांधी उठल्या, धाप लागली किंवा डोकं प्रचंड दुखून नजर धूसर झाली, तर पुढची गोळी न घेता ताबडतोब दवाखाना गाठा.