म्हाताऱ्या माणसाचं ताट कोण वाढतं?



विषय दिलाय ‘ज्येष्ठांचा आहार’ आणि समोर बघतो तर निम्म्या खुर्च्या ज्येष्ठांनीच भरलेल्या. ज्यांनी सत्तर पावसाळे काढले, त्यांना जेवायला शिकवायचा माझा अधिकार नाही. म्हणून आज मी मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुला-सुनांशी जास्त बोलणार आहे. सत्तरी ओलांडली की ताटात काय पडणार, हे बहुतेक घरांत दुसरंच कुणीतरी ठरवत असतं.

2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं, आणि नाचणी-वरईचे गोडवे सगळीकडे सुरू झाले. आता आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, आहुप्याकडच्या एखाद्या आजीला नाचणीचं महत्त्व पटवायला जा. ती तोंडाला पदर लावून हसेल. भात सरला की नाचणी, हा तिचा हिशोब. 1972 च्या दुष्काळात तिच्या वयाच्या बायांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या भाकरी गिळल्या. पांढरा भात, गव्हाची चपाती आणि साखरेचा चहा ही त्या पिढीची कमाई आहे. ती सोडा म्हणणारा माणूस त्यांना गरिबी परत घेऊन आल्यासारखा वाटतो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

त्यामुळे ‘जुनं ते सोनं’ हे पालुपद म्हाताऱ्यांपुढे लावू नका. गुडघ्यांची गोष्ट काढा. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. हे आकडे ऐकले की गुडघा चोळत बसलेला माणूस मान वर करतो.

पण मान वर करून उपयोग काय, दात कुठे आहेत? आपल्याकडे रात्री काय चालतं बघा. सून भाकरी-कालवण वाढून ठेवते. आजी कड मोडते, एक घास तोंडात घोळवते आणि म्हणते, “भूक न्हाई गं.” तासाभरानं तीच आजी बशीत चहा ओतते, त्यात बटर बुडवते, पार मऊ होईपर्यंत थांबते आणि दोन बटरं संपवते. भूक होती, फक्त चावत नव्हतं. घरातले मात्र सांगतात, वय झालं, आता खाणं कमी झालं. महिन्यामागून महिने चहा-बटरावर निघतात, दंडाचं मांस उतरतं, खाटेवरून उठताना हाताचा आधार लागायला लागतो. माझ्या मते आपल्या भागातल्या म्हातारपणाचं खरं दुखणं जास्त खाण्यापेक्षा हे असं खाणं आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं वजनाच्या दर किलोला दिवसाकाठी सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या बाईला चाळीस-बेचाळीस ग्रॅम. चहा-बटरातून ती यायची नाहीत. दूध आहे, पण ते पहाटे डेअरीला जातं. घरात उरतं ते चहापुरतं. ज्या घरात चार गायी आहेत त्या घरातल्या आजोबांना वाटीभर दही मिळत नाही, हे मला अजून पचलेलं नाही.

आणि हुलगा! त्यात शंभर ग्रॅममागे वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. हुलग्याची शेंगुळी लसणाच्या फोडणीत मऊ शिजली की दाताची गरजच नाही. माडगंही तसंच. मुगाचं कढण, नाचणीची आंबील, आमटीत कुस्करून दहा मिनिटं भिजू दिलेली बाजरीची भाकरी, हे सगळं सुनेला येतं. गळ्यात तुळशीची माळ नसेल त्यांनी उकडलेलं अंडं खावं. कवळी करायची असेल तर करा. मुलाच्या मोबाइलपेक्षा ती बहुधा स्वस्तच पडेल.

मिठाचं थोडक्यात सांगतो: दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, खर्डा सगळं आलं. पाणी तहान लागली नाही तरी प्यावं, कारण वयानुसार तहानेची जाणीवच बोथट होते.

एकादशीबद्दल मात्र थांबायला हवं. ओतूरला तुकोबांच्या गुरूंची, बाबाजी चैतन्यांची समाधी असलेला हा मुलूख. इथे एकादशी सोडा म्हणणाऱ्याचं कोण ऐकेल? मीही म्हणत नाही. पण ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपणच म्हणतो ना? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिरा, ताक घ्या. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन आहे, त्यांनी उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारावं. काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर एकदम उतरते, आणि पहाटे चक्कर येऊन पडलेला माणूस ‘उपवासानं’ पडला असं घरात सांगितलं जातं.

राहिली सोबत. एकटं जेवणारं माणूस पातेल्यातलं शिळंच संपवतं. मुलगा पुण्याला किंवा चाकणला कंपनीत, आजोबा एकटे, असं घर तुमच्या आळीत असेल तर त्यांना आठवड्यातून दोनदा पंगतीला बोलवा. त्यांना लाज वाटते, म्हणून ‘शेंगुळी कशी झालीय, जरा चव बघायला या’ असं सांगा.

हरिनाम सप्ताहाच्या कमिटीतली मंडळी पुढच्याच रांगेत बसलीत, म्हणून एक मागणं. बुंदी ठेवा, माझी हरकत नाही. पण ज्येष्ठांची पंगत आधी बसवा, त्यांना टेबल-खुर्ची द्या, आणि एका संध्याकाळी पातळ आमटीऐवजी घट्ट मुगाची खिचडी आणि ताक करा. आचाऱ्याला मीठ बेतानं टाकायला सांगा; ज्याला लागेल तो वरून घेईल.