चौदा किलो आणि पंचेचाळीस टन

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत आपल्या सोसायटीतील एका निवृत्त सुभेदारांनी गच्चीवर केलेले भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवताना बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



मला सांगण्यात आलं की ‘सैन्यातले अनुभव’ या विषयावर बोला. विषय फार मोठा आहे आणि मागे जेवणाची पानं मांडायला सुरुवात झालीय, ते मला दिसतंय. म्हणून मी एकाच प्रश्नाचं उत्तर देणार आहे. प्रश्न माझा नाही. आपली शिर्डीची सहल गेली होती, तेव्हा येताना नगरला रणगाडा संग्रहालय पाहायला थांबलो होतो, आठवतं? तिथे पाकिस्तानचा पॅटन रणगाडा उभा आहे. आपल्या विंगमधल्या एका चिरंजीवाने त्याच्या पट्ट्यावर हात ठेवून विचारलं, ‘‘आजोबा, हा समोरून आला तर एकटा माणूस काय करणार?’’ मी उत्तर द्यायला लागलो तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न मारला आणि सगळे पळाले. ते राहिलेलं उत्तर आज देतो.

पॅटनचं वजन धरा साधारण ४५ टन. पायदळाच्या जवानाच्या खांद्यावर जे हत्यार असतं, ते चौदा किलोच्या आसपास. गॅस सिलिंडरमधला नुसता गॅस १४ किलो असतो, तेवढं. चौदा किलोने पंचेचाळीस टन थांबवायचे, एवढीच ही गोष्ट आहे. पण ती जमायला जगाला बरीच वर्षं लागली.

रणगाडा पहिल्यांदा लढाईत उतरला १५ सप्टेंबर १९१६ला, फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर. इंग्रजांनी आणला. जर्मन शिपायाच्या हातात तेव्हा साधी रायफल. मग जर्मनांनी १९१८मध्ये मोठ्ठी रायफल काढली, १३ मिलिमीटरची. इंग्रजांनीही पुढे तसलीच काढली, ‘बॉइज’ नावाची. सोळा किलोची, आणि धक्का असा की खांदा निखळतो की काय वाटावं. पण युक्ती जुनीच होती. जाड पत्र्यावर जोरात खिळा मारायचा. पत्रा जाड झाला की खिळा वाकणार. दुसरं महायुद्ध सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं होत नाहीत तोच ह्या रायफली निकामी ठरल्या.

खरी युक्ती सापडली होती आधीच, आणि तीही चुकून म्हणा. चार्ल्स मन्रो नावाचे एक अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ होते. १८८८मध्ये त्यांच्या लक्षात आलं की स्फोटकाच्या वडीवर जी अक्षरं खोलगट कोरलेली असतात, ती स्फोटानंतर खालच्या पोलादी पत्र्यावर उमटतात. म्हणजे पोकळ जागेपुढे स्फोटाचा जोर एकवटतो. पुढे त्या पोकळीला तांब्याचं अस्तर लावलं. आपलं तेल ओतायचं नरसाळं असतं ना, तसं नरसाळं गोळ्याच्या आत बसवायचं, रुंद तोंड पुढे, आणि त्याच्या मागे स्फोटक. स्फोट झाला की ते तांबं मिटून त्याची एक बारीक धार निघते. वेग सेकंदाला काही किलोमीटर. लोक म्हणतात पोलाद वितळतं. तसं नाही, वितळायला वेळच कुठे असतो? एवढ्या दाबाखाली पोलाद चिखलासारखं बाजूला सरतं.

यात आमच्यासाठी मोठी गोष्ट कुठली? ह्या गोळ्याला जोरात आदळायची गरज नाही. तो नुसता नेऊन टेकवला तरी चालतो. तोफेचा वेग लागत नाही, म्हणजे तोफेचं वजन लागत नाही. इथून पुढे एकट्या माणसाची गोष्ट सुरू होते.

१९४२ला अमेरिकनांनी बझूका आणला. जर्मनांनी पान्झरफाउस्ट. आणि इंग्रजांनी, म्हणजे आपल्या त्या वेळच्या हिंदी पलटणींच्याही हातात, दिला ‘पियाट’. काय यंत्र होतं ते! आत एक स्प्रिंग. ती दाबून बसवायला उताणं पडून दोन्ही पायांनी रेटायचं आणि हातांनी ओढायचं. समोर शत्रू, आणि तुम्ही पाठीवर पडून पाय झाडताय. आणि एवढं करून रणगाड्यावर भरवसा शंभर यार्डांपर्यंतच. क्रिकेटच्या साडेचार खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवा, तेवढं अंतर.

त्या पियाटवर गंजू लामा लढले. सिक्कीमचे, सातव्या गुरखा रायफल्सचे. १२ जून १९४४, मणिपूरमध्ये निंगथौखाँगला जपानी रणगाडे चाल करून आले. त्यांचं डावं मनगट मोडलेलं, दुसऱ्या हाताला आणि पायाला जखमा. तसेच सरपटत ते तीस यार्डांवर गेले आणि दोन रणगाडे फोडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तीस यार्ड म्हणजे किती, ते खाली गेटपासून मोजून बघा. मी मोजलंय. त्या दिवशी वॉचमन विचारत होता, साहेब काही हरवलंय का.

आता आमचं हत्यार. फौजेत त्याला ८४ एम.एम. रॉकेट लाँचर म्हणतात. मूळचं स्वीडनचं, नाव कार्ल गुस्ताफ, तिथल्या राजाचं. १९४८चं डिझाइन. १९७०च्या दशकापासून ते आपल्या पायदळात आहे, आपल्या आयुधनिर्माणींत बनलंय, आणि अजून चालू आहे. मी बेळगावला मराठा सेंटरमध्ये भरती झालो, पुढे पलटणीत गेल्यावर ह्याच्याशी गाठ पडली. निम्मी नोकरी हे खांद्यावर होतं म्हणा ना.

हे दोन्हीकडून उघडं असतं. बंदूक झाडली की मागे धक्का बसतो, तुम्हाला माहीत आहे. इथे गोळा पुढे जातो तेव्हा तेवढ्याच जोराने गॅस मागून बाहेर जातो. हिशोब मिटला. खांद्याला धक्का जवळजवळ नाही. पण मागे जो उभा असेल त्याचा विचार करा. आगीचा लोळ, दगड, माती. सिनेमात हिरो खोलीच्या खिडकीतून रॉकेट मारतो ना? आपल्या जुन्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतून मारलं असतं, तर समोरच्या रणगाड्याचं पुढचं पुढे, हिरोचं आधी आटोपलं असतं. पियाटला एवढा एक गुण होता, त्याला मागून जाळ नव्हता. घरातून मारता यायचा.

म्हणून माणसं दोन. नंबर वन नेम धरतो. नंबर टू मागून गोळा भरतो, झाकण लावतो, मागे वळून बघतो, मोकळं असेल तर नंबर वनला थाप देतो. ती थाप पडल्याशिवाय बोट दाबायचं नाही. एकदा सरावाला मी नेम धरून बसलोय, लक्ष्य सरकतंय, आणि थाप काही पडेना. माझा नंबर टू साताऱ्याकडचा पोरगा होता. मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या काढल्या. लक्ष्य निघून गेलं. वळून पाहिलं तर आमच्याच पलटणीतला एक जण गोळ्यांची पेटी उचलायला वाकत वाकत नेमका मागे आलेला. त्या पोराने एक हात माझ्या खांद्यावर घट्ट दाबून धरला होता आणि दुसऱ्या हाताने त्याला हाकलत होता. उस्तादांनी लक्ष्य चुकल्याबद्दल मला झाडलं. मी काही बोललो नाही. पेटीवाला पुढे हवालदार होऊन निवृत्त झाला, त्याच्या मुलीच्या लग्नाला मी आणि नंबर टू दोघेही गेलो होतो.

जाळ निघतो म्हणजे तुमची जागाही कळते. १९६५ला खेमकरणजवळ असल उत्तरला हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ एम.एम. रिकॉइललेस गनने पॅटन फोडले. तीही अशीच मागून जाळ टाकणारी, फक्त दोनशे किलोच्या वर, म्हणून जीप. मारायचं आणि लगेच जागा बदलायची, हे त्यांचं तंत्र. १० सप्टेंबरला ते आणि समोरचा रणगाडा समोरासमोर आले, त्यात ते गेले. परमवीर चक्र. त्याच युद्धात आठवड्याच्या आत, १६ सप्टेंबरला, पूना हॉर्सचे कर्नल तारापोर रणगाड्यात लढता लढता गेले. त्यांनाही परमवीर. त्यांचा जन्म आपल्या मुंबईतला. रणगाड्याच्या आतही माणूसच असतो, हे मी मुद्दाम सांगतोय.

आणि आमच्या मराठ्यांचं एक. डिसेंबर १९७१, पंजाबात बुर्ज नावाचं ठाणं. पंधराव्या मराठा पलटणीचे शिपाई पांडुरंग साळुंखे शत्रूच्या रॉकेट लाँचरवरच चालून गेले आणि तिथेच पडले. मरणोत्तर महावीर चक्र. म्हणजे हे हत्यार दोन्हीकडे असतं. समोरूनही येतं.

पुढची गोष्ट अंतर वाढवण्याची. क्षेपणास्त्रं आली. मिलान नावाचं आपण हैदराबादला बनवायला लागलो. ते दोन किलोमीटर जातं, मोटामोटी चिंचपोकळी स्टेशनपासून परळ स्टेशनपर्यंत. मागे बारीक तार सुटत जाते, त्यातून त्याला दिशा कळते. पण ते पोचायला बारा-साडेबारा सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ जवानाने दुर्बिणीतून नजर हलवायची नाही. बारा सेकंद मोजून दाखवू? नको, सूप थंड होईल. पण तिकडून मशीनगन चालू असताना बारा सेकंद फार मोठे असतात.

आता नवीन निघालंय त्यात ती बारा सेकंदंही नाहीत. स्वतःच लक्ष्य ओळखून जातं, आणि वरून उतरतं, कारण रणगाड्याचं टप पातळ असतं. डी.आर.डी.ओ.ने असं खांद्यावर नेण्याजोगं क्षेपणास्त्र बनवलंय. त्याच्या दोन चाचण्या १५ आणि १६ सप्टेंबर २०१८ला आपल्या नगरच्याच रेंजवर झाल्या. आणि गंमत बघा, तांब्याच्या धारेला अडवायला रणगाड्यावर जे स्फोटकांचे डबे लावतात, तेही आपल्या पुण्यात, सुतारवाडीच्या प्रयोगशाळेत विकसित झालेत. भाला आणि ढाल, दोन्ही महाराष्ट्रात!

आता चिरंजीवाच्या प्रश्नाकडे येतो. एकटा माणूस काय करणार? सरावात एकदा आम्हाला खड्ड्यात झोपवून वरून आपलाच रणगाडा नेला होता. आवाज नंतर येतो. आधी जमीन पोटाला हलते. मग डिझेलचा वास, मग अंधार, अंगावर माती. मी पंचवीस वर्षांचा होतो आणि आईचं नाव घेतलं, लपवत नाही. वर उजेड दिसल्यावर उस्ताद म्हणाले, ‘‘उठ, आता तो गेला, त्याची पाठ तुझ्याकडे आहे.’’ रणगाड्याची पाठ कच्ची असते. तर बाळा, एकटा माणूस आधी वाट बघतो. तीनशे-चारशे मीटरच्या आत येऊ देतो. पळावंसं वाटतं तरी पडून राहतो. आणि तो एकटा नसतो, मागे त्याचा नंबर टू असतो.

एक खुलासा करून थांबतो. जनरल बॉडीच्या मीटिंगमध्ये मी हाक मारली तरी वळत नाही, मेंटेनन्सचा विषय निघाला की सुभेदार ऐकू न आल्याचं सोंग करतात, असं काही जण म्हणतात. मला कळतं ते. लाँचर उजव्या खांद्यावर असतो, नळी उजव्या कानाशी. आमच्या वेळी कापसाचा बोळा घालायचो. आता इतर देशांच्या सैन्यांत सरावाला दिवसात किती गोळे मारायचे याची मर्यादा असते, आम्हाला गोळे मिळाले की आनंद व्हायचा. उजवा कान तेव्हाच गेला.

कुणाला प्रश्न विचारायचे असतील तर डाव्या बाजूला या. जय हिंद!