राजधानीचे पुनर्दर्शन : श्रद्धा आणि पुरावा

(मिरजगाव, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



शेजारच्या जामखेड तालुक्यातील चौंडी हे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे जन्मग्राम. १७२५ साली तेथे जन्मलेल्या या कन्येने १७८० साली काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. २०२४ साली आपल्या जिल्ह्याला त्यांचेच नाव लाभले. त्यामुळे जीर्णोद्धार हा शब्द येथील माणसाला समजावून सांगावा लागत नाही. भग्न झालेले पुन्हा उभे करणे हे पुण्यकर्म आहे, ही धारणा आपल्या रक्तातच आहे.

मात्र देवालयाचा जीर्णोद्धार आणि उद्ध्वस्त राजधानीची पुनर्बांधणी यांत एक भेद आहे. देवालयात पूजा पुन्हा सुरू झाली की त्याचे प्रयोजन पूर्ण होते. मंदिराचा आकार पूर्वीपेक्षा वेगळा झाला, तरी देव तोच असतो. उद्ध्वस्त राजधानीकडे मात्र पुढची पिढी एकच प्रश्न घेऊन येते : ती होती तरी कशी? या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर उभारलेली प्रत्येक भिंत असत्याची साक्षीदार ठरते. म्हणूनच जगातील अनेक राष्ट्रांनी अलीकडे तिसरा मार्ग शोधला आहे. जागेवरील एकही मूळ दगड न हलवता संगणकाच्या साहाय्याने ती नगरी उभी करायची आणि लोकांना तिच्यातून फिरवून आणायचे, असा हा मार्ग आहे.

या मार्गावरील ठळक उदाहरण दक्षिण कोरियाचे. ग्योंगजू ही सिल्ला राज्याची राजधानी. परंपरेनुसार इ.स.पू. ५७ ते इ.स. ९३५ असे जवळजवळ सहस्रक या राज्याचे आयुष्य. ह्वांगन्योंगसा हा तेथील महाविहार. सातव्या शतकात, राणी सोंदोकच्या काळात, तेथे नऊ मजल्यांचा लाकडी मनोरा उभा राहिला. त्याची उंची सुमारे ८० मीटर असल्याचे मानले जाते. १२३८ साली मंगोल आक्रमणात तो जळून राख झाला. आज तेथे उरले आहेत ते खांबांच्या तळाशी बसवलेले दगड. १९७६ पासून काही वर्षे तेथे विस्तृत उत्खनन झाले आणि विहाराचा आराखडा हाती आला. मनोरा पुन्हा बांधावा, ही तेथील लोकांची जुनी इच्छा आहे. अडचण अशी की, पायाचे दगड मनोऱ्याची रुंदी सांगतात. पण नवव्या मजल्याच्या छपराचा बाक त्यांना सांगता येत नाही. तेव्हा कोरियाने घाई केली नाही. एक दशमांश आकाराची प्रतिकृती संग्रहालयात ठेवली आणि २०२० साली विहाराचे मधले प्रवेशद्वार व लगतचे ओवरीसारखे मार्ग संगणकीय रूपात उभे केले. मोकळ्या मैदानात हातात पाटीएवढा पडदा धरला की, त्या जागी, त्याच मापात, ते द्वार डोळ्यांसमोर येते. पडदा खाली घेतला की पुन्हा गवत आणि दगड.

या कोरियाशी भारताचे नाते सांगणाऱ्या दोन कथा तेथील 'सामगुक युसा' या तेराव्या शतकातील ग्रंथात आहेत. मूर्ती घडवण्यासाठी सम्राट अशोकाने सागरात सोडलेले लोखंड व सोने ह्वांगन्योंगसाच्या वाट्याला आले, ही एक. 'अयुता' देशाची राजकन्या समुद्रमार्गे येऊन कोरियातील एका राजाची राणी झाली, ही दुसरी. ही राजकन्या अयोध्येची, असे मानून २००१ साली शरयूतीरी तिचे स्मारकही झाले. ऐकताना मन सुखावते. परंतु या कथा घटनेनंतर अनेक शतकांनी लिहिल्या गेल्या. त्या श्रद्धेने जपाव्यात; मात्र त्यांना इतिहासाचा पुरावा मानू नये. हा विवेक आजच्या विषयाचा गाभा आहे.

आता ही संगणकीय नगरी उभी कशी राहते ते पाहू. प्रथम उरलेल्या अवशेषांचे मोजमाप होते. लेसर किरण दगडावर आदळून परततो आणि अंतर कळते. अशा कोट्यवधी बिंदूंतून वास्तूचा हुबेहूब ठसा तयार होतो. त्याला छायाचित्रांची जोड दिली जाते. मग उत्खननाचे नकाशे, शिलालेख, प्रवाशांची वर्णने आणि त्याच काळातील शिल्लक वास्तू यांच्या आधारे नाहीसा झालेला भाग रचला जातो. प्रेक्षकाला डोळ्यांवर लावायच्या उपकरणातून किंवा घुमटाकार पडद्यावर तो दाखवणे, हे शेवटचे आणि त्यातल्या त्यात सोपे काम. मोजमापाचे मोल पॅरिसने जगाला दाखवले. नोत्र-दाम या प्राचीन चर्चचे लेसर मोजमाप एका अभ्यासकाने काही वर्षे आधी करून ठेवले होते. २०१९ च्या एप्रिलमध्ये तेथे आग लागली, तेव्हा ती मापे पुनर्बांधणीच्या कामी आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली.

भारतातही हे काम झाले आहे. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने हम्पीचा वारसा संगणकीय रूपात आणण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यात अनेक तंत्रशिक्षण व संशोधन संस्था सहभागी झाल्या. विजयनगरची ही राजधानी १५६५ च्या पराभवानंतर उद्ध्वस्त झाली. पाषाणाची मंदिरे टिकली. राजवाडे मात्र गेले. तेथील राजसभेच्या चौथऱ्यावर आज फक्त लाकडी खांबांच्या खाचा दिसतात. खांब, छत, रंग सारे नाहीसे झाले.

हे वर्णन ऐकताना मराठी माणसाच्या मनात कोणती जागा उभी राहते, हे सांगायला नको. रायगड!

६ जून १६७४ रोजी जेथे शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, त्या राजधानीत आज उघडी जोती आहेत. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या, आग भडकली आणि राजप्रासाद भस्मसात झाले. तरी रायगड मुका नाही. जगदीश्वराच्या मंदिरातील शिलालेख गडावरील विहिरी, तळी, उद्याने, रस्ते, स्तंभ, गजशाळा आणि राजगृहे यांची नोंद देतो. पायरीवर हिरोजींचे नाव कोरलेले आहे. राज्याभिषेकास उपस्थित असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने सिंहासनाभोवतीच्या राजचिन्हांचे वर्णन लिहून ठेवले. एवढ्या उंचावर हत्ती कसे आणले असतील, याचे त्याला आश्चर्य वाटले. बाजारपेठेची दुहेरी रांग, गंगासागर, स्तंभ, नगारखाना हे सारे आजही मोजता येते. २०१७ नंतर गडाच्या संवर्धनासाठी स्वतंत्र प्राधिकरण काम करू लागले, पुरातत्त्व खात्याने नवी उत्खनने केली आणि जुलै २०२५ मध्ये रायगडासह १२ दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला.

इतकी साधने असलेली राजधानी संगणकावर उभी करणे शक्य आहे. त्याचा उपयोग केवळ डोळे दिपवण्यासाठी नाही. नगारखान्यापाशी केलेली कुजबुज सिंहासनाच्या जागी ऐकू येते, हे गडावर गेलेल्यांना ठाऊक आहे. पण वर छत असताना, कनाती लावलेल्या असताना आवाज कसा जात असेल? प्रतिकृतीत तो तपासता येईल. राज्याभिषेकाच्या दिवशीचा प्रकाश दाखवायचा, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. ६ जून हा दिनांक त्या काळच्या इंग्रजी पंचांगाचा आहे. आजच्या गणनेने तो १६ जून येतो. त्या दिवसांत रायगडावर माध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. सावली कोणत्या बाजूला पडेल, इतक्या लहान गोष्टीसाठीही पंचांग आणि खगोल यांचा अभ्यास लागतो. अचूकतेचा हा आग्रह हीच त्या पुरुषश्रेष्ठाला खरी मानवंदना ठरेल.

आणि येथेच खरा धोका आहे. राजसभेचे छत कसे होते, खांबांवर नक्षी कोणती होती, पडद्यांचा रंग कोणता होता, हे जोती सांगत नाहीत. तेथे कलावंताची कल्पना धावून येते. चित्रपट आणि मालिकांनी आपल्या मुलांच्या मनात संगमरवरी दालने आधीच बांधून ठेवली आहेत. शब्द विसरले जातात, पण चित्र मनात घर करते. सोन्याने मढवलेला खोटा रायगड पाहून आलेले मूल प्रत्यक्ष गडावर गेले, तर त्याला ती जोती दरिद्री वाटतील. आणि एक तपशील खोटा निघाला की, टीकाकार उरलेले सत्यही खोटे ठरवायला मोकळे होतात.

यावर अभ्यासकांनी उपाय सांगितला आहे. २००६ साली लंडनमध्ये आकाराला आलेली आणि २०११ साली सेव्हिलमध्ये पुढे नेलेली तत्त्वे सांगतात की, अशा प्रतिकृतीत सिद्ध काय, तुलनेने काढलेले काय आणि निव्वळ अनुमान काय, हे प्रेक्षकाला कळलेच पाहिजे. हे अवघड नाही. दगडी जोते ठसठशीत दाखवावे. समकालीन वाड्यांवरून रचलेला भाग फिकट दाखवावा. अनुमानाचा भाग केवळ रेषांनी दाखवावा. 'येथे पुरावा थांबतो' असे सांगण्यात कमीपणा नाही. ज्याची श्रद्धा पक्की आहे, त्याला अलंकारांची गरज पडत नाही.

कोणी विचारेल, गडाचे बुरूज ढासळत असताना पडद्यावर पैसा कशाला? प्रश्न रास्त आहे. चित्र हे संवर्धनाला पर्याय होऊ शकत नाही. पहिला रुपया दगडासाठीच खर्च व्हावा. परंतु गुडघ्यांच्या दुखण्याने घरी बसलेल्या आजीला, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, परदेशात वाढणाऱ्या नातवंडांना गड दाखवायचा, तर हा मार्ग उपकारक आहे.

दुसरी सावधानता टिकाऊपणाची. इंग्लंडमध्ये १०८६ साली देशाची मोठी नोंदवही तयार झाली. ९०० वर्षांनी, १९८६ साली बीबीसीने तिची आधुनिक आवृत्ती लेसर तबकड्यांवर काढली. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली. मूळ नोंदवही मात्र आजही वाचता येते. आपल्या रुमालांतील मोडी कागद तीनशे वर्षे टिकले. म्हणून जे मोजू, त्याच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवाव्यात, दर काही वर्षांनी नव्या रूपात आणाव्यात आणि आराखडे कागदावरही उतरवावेत.

बंधू-भगिनींनो, हे काम केवळ दिल्ली-मुंबईचे नाही. याच जिल्ह्यात श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी पेडगावचा किल्ला आहे. १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांना बंदी करून तेथे आणले गेले. त्याच किल्ल्यात यादवकालीन शैलीचे लक्ष्मीनारायण मंदिर आपल्या शिल्पांसह उभे आहे. गावोगावी गढी, बारव, वीरगळ आहेत. अनेक ठिकाणी वीरगळांवर भक्तीने तैलरंग चढतो, बारवेला सिमेंट लागते आणि कोरीव रेषा कायमची बुजते. भाव शुद्ध असतो. हानी मात्र भरून येत नाही.

तरुणांनी एवढे तरी करावे. ढगाळ प्रकाशात, शेजारी मापाची काठी ठेवून, वीरगळाभोवती फिरत एकमेकांवर बरीचशी चढणारी छायाचित्रे घ्यावीत. त्यांतून संगणकावर त्याची त्रिमितीय प्रतिकृती होते. बारवेच्या पायऱ्या फितीने मोजाव्यात. वृद्धांकडून ऐकलेली माहिती सांगणाऱ्याच्या नावासह, पण मोजमापापासून वेगळी लिहावी. संरक्षित स्मारकावर यंत्र उडवण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी. शाळेच्या एका वर्गाने एका वर्षात एक वास्तू नोंदवली, तरी पुढे राजधान्या उभ्या करणाऱ्यांच्या हाती खात्रीची मापे पडतील.

अहिल्यादेवींनी दगड पुन्हा रचले. या पिढीच्या वाट्याला आधी मोजण्याचे काम आले आहे. ते निष्ठेने आणि खरेपणाने करावे, इतकीच विनंती.