तेलताडाच्या आळ्यात कोणतं अवजार?

पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीत, शेतीची अवजारं एका फेरीत मिळतात. कोकणात जमीन असलेला पुणेकर सुट्टीला गावी जाताना तिथूनच कुदळ आणि खुरपं घेऊन निघतो. बागेत तेलताड, म्हणजे पामतेल देणारं झाड असेल, तर ही खरेदी जरा विचारानं व्हायला हवी.

सिंधुदुर्गात मुळदे इथं कोकण कृषी विद्यापीठाचं तेलताड संशोधन चालतं. केंद्र सरकारनं 2021 मध्ये या पिकासाठी 11,040 कोटींचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. अनुदान रोपांना मिळतं, पण रोप वाचतं ते निगराणीनं.

लागवड नऊ मीटर अंतराच्या त्रिकोणात होते आणि हेक्टरी 143 झाडं बसतात. पहिल्या वर्षी बुंध्याभोवती एक मीटर, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी तीन मीटर त्रिज्येचं आळं तणमुक्त ठेवायचं असतं. इथं कुदळ हाती घेण्याचा मोह होतो, कारण काम झपाट्यानं उरकतं. पण तेलताडाची अन्न शोषणारी मुळं मातीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात, आणि खोल घाव थेट त्यांच्यावर बसतो. म्हणून आळ्यात खुरपंच हवं. बसून काम करावं लागतं, मजुरी वाढते, हे खरं; तरीही ती किंमत मोजण्यासारखी आहे. आळ्याबाहेरच्या उंच गवताला विळा पुरतो. पेट्रोलवरचा ग्रास कटर दोन ओळींच्या मधोमध चालवावा. बुंध्याजवळ त्याची फिरती दोरी कोवळ्या खोडाला जखम करते.

कोयत्याचं काम तर अगदी थोडं. हिरवी झावळी लहान झाडाचं अन्न बनवते, तेव्हा फक्त वाळलेली आणि रोगट पानंच काढावीत.

साधारण तीन वर्षांपर्यंत येणारा फुलोरा मात्र दर महिन्याला खुडावा लागतो, म्हणजे झाडाची ताकद खोडात आणि मुळांत जाते. पानांच्या देठांवर काटे असतात. तिथं हात घालण्यापेक्षा लांब दांड्याला बसवलेली अरुंद पटाशी बरी. कोंबात शिरलेला गेंड्या भुंगा काढायला टोकाशी वाकवलेली लोखंडी तार लागते. नारळाच्या बागाईतदाराकडे ती असतेच. चौथ्या वर्षी पहिले घड उतरवायलाही अरुंद पात्याचीच पटाशी लागेल. बांबूवरचा लांब विळा झाड उंच झाल्यावर घ्यावा.